एकाच प्रार्थनेतल्या दोघी

चर्चची मागची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. त्यामुळे आई फोडणी टाकायची तेव्हा बाबांच्या उपदेशात लसणाचा वास यायचा, आणि बाबा प्रार्थनेत आवाज चढवायचे तेव्हा मांडणीवरच्या ताटल्या बारीक थरथरायच्या, असं आई म्हणायची. ताटल्यांचं मी स्वतः कधी ऐकलं नाही, म्हणून ते तिच्या नावावर लिहिते. वास मात्र खरा होता. बाबा बालाघाटच्या त्या लहानशा मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे विदर्भातून नोकरीसाठी आलेली घरं. कोणी खाणीत, कोणी रेल्वेत, दोन-चार नर्सबाया. गीतं मराठीत, सूचना हिंदीत आणि भांडणं दोन्हीत, असा आमचा कारभार होता. घराचं दार दिवसभर उघडं असायचं. कोणाचं लेकरू आजारी, कोणाचा नवरा दारू पिऊन पडलेला, कोणाची बदली अडलेली. येणारा आधी चर्चच्या दाराशी थांबायचा, तिथे बाबा नसले की आमच्या अंगणात यायचा. आई चहाचं आधण कधी उतरवतच नसे.

बाबांची एक रीत होती. दुखणाईताच्या कपाळावर ते तळवा ठेवत, डोळे मिटत, आणि मगच प्रार्थना सुरू करत. त्यांचा तळवा मोठा आणि नेहमी थंड असायचा. लोक म्हणत, "पाळकसाहेबाच्या हाताले गुण आहे." बाबा लगेच म्हणायचे, "गुण हाताले नाही बापा, देवाले आहे." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा जरा उजळायचा. आता या वयात मला ते समजतं. कोणी म्हटलं की तुमच्यामुळे बरं वाटलं, तर माणसाला बरं वाटतंच. तेव्हा मात्र माझी पक्की समजूत होती की बाबांचा हात लागला की ताप उतरतो, जसं विस्तवावरून भांडं काढलं की उकळी बसते.

दर गुरुवारी भरवेलीला, खाणीच्या क्वार्टरांमध्ये, घरगुती प्रार्थना असायची. बाबा स्कूटरवर मला मागे बसवून न्यायचे. प्रार्थना बहुतेक दानियलकाकांकडे होई. दानियलकाका खाणीत होते. कितीही हात धुतले तरी त्यांच्या नखांत मँगनीजचा काळेपणा राहायचा, आणि गीतांचं पुस्तक त्यांनी धरलं की पानांच्या कडांना तो लागायचा. त्यांची बायको सुमनमावशी शिवणकाम करायची. आमच्या मंडळीचं कोणतंही जेवण, लग्न असो की नाताळ, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पंगतीत येत नसे. भाताचं पाणी ती बोट न बुडवता, नुसतं वरून बघून सांगायची. त्यांची एकुलती मुलगी रिबका. माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची. गायला लागली की चर्चमधली म्हातारी माणसं पुस्तकं मिटून ऐकायची. मी शेजारी उभी राहून ताल चुकू नये म्हणून पायाने मोजत असे. त्यावर ती कुजबुजायची, "सरू, तू गाऊन राह्यली का पहाडे म्हणून राह्यली?" आणि स्वतःच हसू दाबता न येऊन खोकल्याचं सोंग करायची.

त्या वर्षी भाताची कापणी झाल्यावर बैहरकडच्या एका जंगलातल्या गावी पिकाच्या उपकारस्तुतीची उपासना होती. तिथली माणसं नव्या धानाच्या लोंब्या आणून वेदीपुढे ठेवतात. बाबांना उपदेशाला बोलावलं होतं आणि गाण्यासाठी आम्ही मुली. जीपमध्ये रिबकाने इतकी गाणी म्हटली की ड्रायव्हर म्हणाला, "बेटी, अब टेप चलाने की जरूरत ही नहीं." त्या गावातल्या चर्चमध्ये पेंढा अंथरून आम्ही झोपलो. थंडी होती, म्हणून रिबका आणि मी एका गोधडीत. डास होते. ते तर सगळीकडेच असतात.

घरी आल्यावर काही दिवसांनी दोघींना थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, मलेरिया आहे आणि डोक्यात चढला आहे. पुढचं मला फार थोडं आठवतं, जे लिहिते ते आईकडून आणि नंतर सुमनमावशीकडून कळलेलं आहे. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या, मध्ये एक माणूस उभा राहील इतकीच जागा. त्या जागेत बाबा उभे राहिले. डावा हात माझ्या कपाळावर, उजवा रिबकाच्या. एका पायथ्याशी आई, दुसऱ्या पायथ्याशी सुमनमावशी. बाबांनी एकच प्रार्थना केली, मोठ्याने, सगळा वॉर्ड गप्प झाला इतक्या मोठ्याने. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. तळव्याचा थंडपणा आठवतो. मी डोळे उघडले तेव्हा दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. शेजारच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. मला वाटलं, रिबका माझ्याआधी बरी होऊन घरी गेली. मला रागही आला की मला न सांगता गेली.

माझा मुलगा हिंदीतच बोलतो, हिंदीतच विचार करतो. त्याला हे एकदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, मच्छर ने काटा था, बस. दवा किसी को लगी, किसी को नहीं लगी." त्याचं बरोबर आहे. मी वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये हिशेबाचं काम करते, आणि जे जुळत नाही ते जुळवून दाखवू नये, हे मला कळतं. पण एकच गोधडी, एकच ताप, एकच दवाखाना, एकच प्रार्थना, आणि उत्तरं दोन. लहानपणी मी यावर पुष्कळ डोकं चालवलं. उजवा हात तर तिच्या कपाळावर होता. आमच्यात उजव्या हाताचा मान मोठा. मग डाव्या हाताखालची कशी वाचली?

आईने दवाखान्यात नवस केला, असं म्हणणार नाही, आमच्यात नवस म्हणत नाहीत. पण सरू उठली तर घरी उपकारस्तुती करीन, असं तिने प्रभूला कबूल केलं होतं. ही आमच्याकडची रीतच आहे. दुखण्यातून माणूस उठला की घरी प्रार्थना ठेवायची, बऱ्या झालेल्याने पुढे बसायचं, घरच्या कर्त्याने साक्ष द्यायची आणि मग सगळ्यांना जेवण. सूचना रविवारी चर्चमध्ये वाचतात आणि ती सगळ्यांसाठी असते, कोणाला वगळून वाचता येत नाही. बाबा म्हणाले होते, थोडं थांबू. मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, योसेफराव म्हणाले, "थांबायचं काहून? देवाचे उपकार उधार ठेवता का?" मग सूचना वाचली गेली. दानियलकाका तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं.

सुमनमावशी येणार नाही, असं आईने धरलंच होतं. दुसऱ्या एका बाईला भातासाठी सांगितलंही होतं. पण सकाळी, अजून चटयाही अंथरल्या नव्हत्या, तेव्हा सुमनमावशी मागच्या दाराने आली आणि पदर खोचून चुलीपाशी बसली. आई म्हणाली, "सुमन, तू बस वं. आज तू काही करू नोको."

"मंग कोण करन? तुमचा भात मागच्या नाताळले कसा झालता ते मले ठावं आहे, पाळकीणबाई." आणि तिने चिन्नोरच्या तांदळाचं टोपलं पुढे ओढलं. तो तांदूळ शिजू लागला की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जातो. अजूनही कोणाच्या घरी चिन्नोर शिजला की माझी भूक जाते. घरच्यांना मी हे सांगितलेलं नाही. ते म्हणतात, हिला जाड तांदूळच आवडतो.

मला नवा स्कार्फ बांधून पुढे बसवलं होतं, कारण तापात केस कापून टाकले होते. खोली भरली होती. गीत झालं. रिबकाचा आवाज नसल्याने ते फार लवकर संपल्यासारखं वाटलं. मग बाबा उभे राहिले. आयुष्यभर ते अशा घरांमध्ये जे बोलत आले होते तेच बोलले. सवयीने बोलले, असं आज म्हणते. त्या दिवशी ते मला फार सुंदर वाटलं होतं. ते म्हणाले, प्रभू, तू तुझ्या दासाची प्रार्थना ऐकलीस, आमचं लेकरू आम्हाला परत दिलंस. सगळे म्हणाले, आमेन. आमेन म्हणताना मी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात सुमनमावशी हातात पळी घेऊन उभी होती. तिचेही ओठ हलले होते.

पंगत बसली. ती वाढत वाढत बाबांच्या ताटापाशी आली, भात घातला आणि वाकलेलीच राहिली. आवाज चढवला नाही. शेजारी बसलेल्यांनाच ऐकू गेलं असेल, आणि शेजारी मी होते.

"पाळकसाहेब, एक पुसू का?"

"पूस नं, सुमन."

"तुमचे हात तं दोघींच्याबी कपाळावर व्हते. मंग देवानं कोणत्या हाताची ऐकली?"

बाबांनी ताटातला हात मागे घेतला. ती सरळ उभी राहिली. मग पळी परातीत ठेवली, हात धुतले, दानियलकाकांच्या खांद्याला बोट लावलं, आणि दोघं मागच्या दाराने निघून गेली. बाबांच्या ताटातला भात तसाच राहिला.  योसेफराव म्हणाले, "दुःखात माणूस बोलते. मनावर घेऊ नका." आणि त्यांनी रस्सा मागितला.

त्यानंतर सुमनमावशी चर्चमध्ये आली नाही. दानियलकाका एकटे यायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठून जायचे. बाबा भरवेलीला गेले. शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन गेले, वचनं काढून ठेवून गेले. तिने दार उघडलं, खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, "रिबका प्रभूजवळ आहे, सुमन." ती म्हणाली, "हौ, मले ठावं आहे. पण मले ते माह्याजवळ पाह्यजे व्हती." घरी येऊन हे बाबांनी आईला सांगितलं आणि शास्त्र मांडणीवर ठेवलं. नेहमीच्या जागी नाही, ताटल्यांच्या शेजारी. आईने ते उचललं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीची ताटली आणि लहान पेले पांढऱ्या कापडाखाली ठेवलेले असतात. आमच्यात असं मानतात की कोणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, समेट करायचा, मग या मेजाजवळ यायचं. सगळे मानतात, पण त्यासाठी कोणी थांबल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी बाबांनी कापडाच्या कडेला हात लावला आणि काढून घेतला. म्हणाले, "एका बहिणीचं मन माझ्यामुळे दुखावलं आहे. ते तसं असताना माझ्या हाताने मी हे देऊ शकत नाही. मला माफ करा." आणि आशीर्वाद देऊन उपासना संपवली. पुढच्या महिन्यातही तेच. आता लोक बोलू लागले. योसेफराव आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"पाळकसाहेब, एका बाईपायी अख्खी मंडळी उपाशी ठेवता का?"

"मंडळी उपाशी नाही, योसेफराव. मी उपाशी आहे."

"मंग वारासिवनीचे पाळक बोलावतो मी. ते देतील."

"बोलवा. पण मी त्याईच्या हातून बी घेणार नाही."

मी आत आईजवळ बसले होते. मला वाटत होतं, हे सगळं माझ्यामुळे चाललं आहे. मी उठले नसते तर उपकारस्तुती झाली नसती, सूचना वाचली नसती, सुमनमावशी आली नसती, मेजावरचं कापड असं दर महिन्याला न उचलता तसंच राहिलं नसतं. मी आईला तसं म्हटलंही. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग बाबा भरवेलीला रिकाम्या हाताने जाऊ लागले. मला बरोबर नेत. मला जायचं नसे. मी सांगे की पोट दुखतं, तर ते म्हणत, "माहं बी दुखते. चाल." तिथे जाऊन ते काही बोलत नसत. खुर्चीवर बसत. दानियलकाका खाणीतल्या पाळीवरून आलेले असले तर दोघे मिळून समोरच्या पिंपळाकडे पाहत बसत. सुमनमावशी मशीनवर शिवत असे. पहिल्या खेपेला तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. नंतर एकदा तांदळाचं सूप माझ्यापुढे सरकवलं, "खडे निवड." त्यानंतर तेच माझं काम झालं. मशीनचा आवाज थांबला की मला कळायचं, ती माझ्याकडे पाहते आहे. मी मान वर करत नसे.

असंच एका संध्याकाळी मशीन थांबलं आणि बाबा बोलू लागले. मला वाटतं, ते स्कूटरवर सगळी वाट मनात म्हणत आले असावेत, कारण ते थांबून थांबून बोलत नव्हते.

"सुमन, तू पुसलं व्हतं त्याचं उत्तर माह्याजवळ नाही. ते मले ठावं नाही आणि मी ठावं असल्यासारखं आजवर लय घरात बोललो. पण एक ठावं आहे ते सांगतो. त्या दिवशी हात दोघींवर व्हते. मन एकीवरच व्हतं. मी सरूलेच मांगत व्हतो. रिबकाचं नाव मी तोंडानं घेतलं."

माझी बोटं सुपात थांबली. दानियलकाका उठून दारापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. सुमनमावशीने हातातलं कापड मांडीवर ठेवलं, त्यावरचा धाग्याचा तुकडा उचलला, बोटात गुंडाळला.

"ते मले तवाच समजलं," ती म्हणाली. "माणूस ज्याच्याकडं पाहून बोलते, तिकडंच त्याचा आवाज जाते."

बाबा खाली बघत होते.

"आता माहं बी ऐका," ती पुढे म्हणाली. "मी पायथ्याशी उभी व्हती. मी सरूचं नाव तोंडानं बी नाही घेतलं. एकदा बी नाही. एकीलेच ठेवाचं असन तं माही ठेव, असं म्हटलं मी. तुमच्या पोरीच्या खाटीपाशी उभी राहून." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, जसं मीठ मागावं तसं म्हणाली, "तुह्यावर राग नव्हता वं माहा."

 मी म्हटलं, "खडे झाले." ती म्हणाली, "आण इकडं."

निघताना तिने बाबांना सांगितलं, "माह्यासाठी थांबू नका. लोकाईले वाढून टाका. मी येईन तवा येईन." बाबांनी पुढच्या पहिल्या रविवारी कापड उचललं.  सुमनमावशी आली नाही.

वर्ष भरत आलं, आणि नाताळच्या आधी तिने मला बोलावून माप घेतलं. मशीनखालच्या पेटीतून एक पिवळा फ्रॉक काढला, बाह्या लावायच्या राहिलेला. तो कोणाचा होता हे विचारायची गरज नव्हती. रिबकाने मला त्या कापडाविषयी सांगितलं होतं आणि शाळेत कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मी घरी येऊन आईला म्हटलं, मी तो घालणार नाही. आई म्हणाली, "घालशील. तुले जड जाईन, पण तिनं तो शिवला तवा तिले केवढं जड गेलं असन?" नाताळच्या सकाळी मी तो घातला. खांद्याशी बरोबर बसला होता, कमरेला थोडा सैल. रिबका माझ्यापेक्षा भरलेली होती. चर्चमध्ये दानियलकाकांनी मला पाहिलं आणि पहिल्याच गीताला उठून बाहेर गेले. मला वाटलं, तो फ्रॉक तिथेच काढून टाकावा.

नाताळचं प्रभुभोजन झाल्यावर बाबांनी भाकरीचा तुकडा पांढऱ्या कापडात बांधला, पेला झाकला आणि आईच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. अंथरुणाला खिळलेल्यांना ते असंच घरी नेऊन देत. मला म्हणाले, "चाल." सुमनमावशी करंज्या तळत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि स्वयंपाकघरातच गुडघे टेकले. बाबाही टेकले. बाबांनी फार लहान प्रार्थना केली. तिच्यात कोणाचं काही ऐकल्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर आयुष्यभर, कितीही लोक दुखण्यातून उठले आणि साक्ष द्यायला पुढे आले, तरी बाबांनी ‘तू तुझ्या दासाची प्रार्थना ऐकलीस’ हे वाक्य उच्चारलं नाही. काही जण नाराज झाले. म्हणत, पाळकसाहेबांचा विश्वास थंड झाला. बाबा ऐकून घेत. ते गेले तेव्हा त्यांच्या कपाळावर पहिला हात सुमनमावशीने ठेवला.

ती अजून आहे. दानियलकाका गेल्यावर भाचीकडे राहते, बालाघाटातच. मी सुट्टीच्या दिवशी जाते. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून ती मला खिडकीशी पाट मांडून बसवते, तेलाची वाटी घेते आणि माझा भांग पाडते. बोटांनी केस बाजूला करत खूप वेळ पाहत राहते. मागच्या खेपेला म्हणाली, "कानापाशी लय पांढरे झाले वं."

"झाले मावशी."

"तिचे बी एवढे झाले असते आता."

मिलमध्ये माझ्यासोबतच्या बाया केस रंगवतात. मलाही सांगतात, इतकी काही म्हातारी दिसत नाहीस, एकदा लावून बघ. मी हो म्हणते आणि लावत नाही.